स्वसंरक्षणासाठी पिस्तूल जवळ बाळगावे का?

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

मी टेक्ससमध्ये ह्यूस्टनच्या एका उपनगरात राहते आणि औषध दुकानांच्या एका मोठ्या साखळीत फार्मासिस्ट आहे. आठवड्यातून तीन रात्री दहाला दुकान बंद झाल्यावर मी मागच्या दाराने एकटीच गाडीपर्यंत चालत जाते. दोन महिन्यांपूर्वी एक माणूस अंधारातून पुढे आला, पैसे मागू लागला आणि मी गाडीत बसल्यावरही काच ठोठावत राहिला. त्याने आणखी काही केले नाही, पण तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. दुकानातला एक सहकारी त्याचे जुने, छोटे पिस्तूल मला ३०० डॉलरला द्यायला तयार आहे. टेक्ससमध्ये आता परवाना लागत नाही आणि गेल्या वर्षी ग्रीन कार्ड मिळाल्यामुळे मला पिस्तूल घेता येते, असे तो सांगतो. दुकानात शस्त्र आणण्यास कंपनीची मनाई आहे, पण ते गाडीत ठेवता येईल. एरवी ते पर्समध्ये राहील आणि घरी कपाटात साड्यांखाली. घरी नवरा, १५ वर्षांचा मुलगा आणि एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणारा धाकटा दीर आहे. मुलगा गेल्या वर्षी शाळेत फार खचला होता, काही महिने समुपदेशकाकडे जात होता. आता बरा आहे. नवऱ्याला यातले काही सांगितलेले नाही, कारण तो नाहीच म्हणेल. माझे काही चुकते आहे का?

– एक वाचक

प्रिय वाचक भगिनी,

सध्या हे पिस्तूल घेऊ नका. तुमची भीती खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. रात्री दहा वाजता औषधांच्या दुकानाच्या मागच्या दारातून एकट्या बाईने बाहेर पडणे हे काळजी करण्यासारखेच आहे, आणि तशी काळजी तुमच्या आधी तुमच्या कंपनीने करायला हवी होती. नीट प्रशिक्षण घेऊन, कायदा समजून, वर्षानुवर्षे जबाबदारीने पिस्तूल बाळगणारी माणसे अमेरिकेत पुष्कळ आहेत, तेव्हा शस्त्र जवळ ठेवणे मुळातच वाईट, असाही माझा आग्रह नाही. माझा नकार तुमच्या घरापुरता, या वर्षापुरता आणि तुम्ही योजलेल्या पद्धतीपुरता आहे.

ज्या दोन-तीन मिनिटांची तुम्हाला भीती वाटते, तेवढ्या वेळात हे पिस्तूल असणार कुठे, हे आधी पाहू. कंपनीची मनाई असल्यामुळे ते दुकानात येणार नाही. कर्मचाऱ्याने आपल्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर शस्त्र ठेवले, तर मालकाला सहसा हरकत घेता येत नाही, असा कायदा टेक्ससने २०११ मध्ये केला आणि तुमचा सहकारी त्याच आधाराने बोलतो आहे. पण मग मागच्या दारापासून गाडीपर्यंत तुम्ही रिकाम्या हातानेच चालणार, आणि पिस्तूल हाती येईल तेव्हा तुम्ही दार लावून, इंजिन सुरू करून निघून जाण्याच्या स्थितीत असाल. म्हणजे ज्या वाटेसाठी हे घ्यायचे, त्या वाटेवरच ते तुमच्याजवळ नसेल. त्यात आठ-नऊ तास पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीत शस्त्र ठेवणे म्हणजे ते चोरांसाठी ठेवणे. चोरीची पिस्तुले गुन्हेगारांपर्यंत पोहोचतात, त्यांपैकी बरीच अशाच गाड्यांमधून गेलेली असतात.

समजा, नियम मोडून तुम्ही ते पर्समध्ये नेले. सॉल्ट लेक सिटीचे एक पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, २१ फुटांवरचा धडधाकट माणूस साधारण दीड सेकंदात तुमच्या अंगावर येऊन पोहोचतो. कमरेच्या उघड्या होल्स्टरमधून, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानातून, पिस्तूल काढून नेम धरायला सराव असलेल्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. कपड्यांखालून काढायचे तर वेळ वाढतो, आणि खांद्यावरच्या पर्सची चेन उघडून, चाव्या व फोन बाजूला सारून काढायचे तर तो इतका वाढतो की त्याचा विचारच न केलेला बरा. शिवाय वाटमारी करणारा माणूस पहिल्यांदा हात घालतो तो पर्सलाच.

आता त्या रात्रीचा प्रसंग कायद्याच्या दृष्टीने पाहा. टेक्ससच्या दंडसंहितेनुसार जीवघेणे बळ वापरायचे, तर दुसऱ्याकडून होणाऱ्या बेकायदेशीर जीवघेण्या बळापासून किंवा बळजबरीची लूट, अपहरण अशा काही गंभीर गुन्ह्यांपासून वाचण्यासाठी ते त्याच क्षणी आवश्यक आहे, असे वाटण्यास वाजवी कारण असावे लागते. २००७ मध्ये टेक्ससने केलेल्या बदलामुळे, जिथे असण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि भांडण तुम्ही उकरून काढलेले नाही, तिथून मागे हटण्याची सक्ती तुमच्यावर राहिलेली नाही. अनेकजण याचा अर्थ ‘भीती वाटली की गोळी चालवता येते’ असा लावतात आणि तो साफ चुकीचा आहे. मागे हटण्याची सक्ती गेली, तरी आवश्यकतेची अट जागेवरच आहे. पैसे मागणे, काच ठोठावणे, अगदी शिव्या देणे हेसुद्धा त्या अटीत बसत नाही. अशा वेळी नुसते पिस्तूल रोखले, तरी तोच गंभीर गुन्हा ठरू शकतो, आणि त्या रात्री तसे घडले असते तर पोलिसांसमोर आरोपी म्हणून तुम्ही उभ्या राहिल्या असता. ग्रीन कार्डधारकाच्या बाबतीत गोष्ट शिक्षेवरही थांबत नाही. शस्त्रांसंबंधीच्या बहुतेक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या कायम रहिवाशाला देशाबाहेर काढण्याची तरतूद अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात आहे.

सहकाऱ्याने सांगितलेली माहिती खोटी नाही, अर्धवट आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये २१ वर्षांवरील, शस्त्र बाळगण्यास अपात्र नसलेल्या व्यक्तीला परवान्याविना पिस्तूल जवळ ठेवता येते, आणि कायम रहिवाशाला शस्त्र घेण्यास केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही, हे दोन्ही खरे आहे. पण केंद्रीय कायद्यानुसार शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत, सार्वजनिक रस्त्यावरसुद्धा, शस्त्र नेता येत नाही. त्या राज्याचा परवाना असेल किंवा पिस्तूल गोळ्या काढून कुलूपबंद पेटीत ठेवलेले असेल, तर सूट मिळते. मुलाला सकाळी शाळेत सोडायला जाताना पर्समध्ये भरलेले पिस्तूल असेल आणि परवाना नसेल, तर तुम्ही नकळत केंद्रीय गुन्हा करत असाल. टपाल कार्यालयात पिस्तूल चालत नाही, विमानतळाच्या तपासणीपलीकडे चालत नाही, आणि ज्या दुकानाने किंवा कार्यालयाने दारावर रीतसर मनाईची पाटी लावली आहे, तिथेही चालत नाही. त्यामुळे पर्समध्ये पिस्तूल ठेवून फिरणाऱ्या माणसाला दिवसातून अनेकदा ‘आता हे कुठे ठेवू’ हा प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर बहुधा ‘गाडीत’ असेच येते.

तुमच्या दिरांचा मुद्दा तुमच्या सहकाऱ्याला सुचण्यासारखा नव्हता, पण आपल्या अनेक घरांत तो निघू शकतो. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला शस्त्र किंवा काडतुसे ताब्यात ठेवण्यास १९६८ च्या केंद्रीय बंदूक नियंत्रण कायद्यातील तरतुदींनुसार मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजके अपवाद आहेत. हा नियम मोडल्यास २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘ताब्यात’ म्हणजे फक्त हातात किंवा स्वतःच्या नावावर, असा न्यायालये अर्थ लावत नाहीत. वस्तू कुठे आहे हे माहीत असणे आणि ती हवी तेव्हा घेता येणे, एवढ्यावरही ताबा सिद्ध होऊ शकतो. साड्यांखाली ठेवलेले पिस्तूल घरातल्या कुणालाही घेता येते. बिचाऱ्या दिरांचा काहीही दोष नसताना त्यांची नोकरी, व्हिसा आणि स्वातंत्र्य तुमच्या कपाटाच्या खणावर टांगलेले राहील.

मात्र मला सर्वांत जास्त अडवते ते तुमच्या पत्रातले मुलाविषयीचे वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिले आहे; मी मात्र पत्र वाचून झाल्यावर पुन्हा तिथेच गेले. आठवड्यातल्या तीन रात्रींची ती वाट धरली तर सगळी मिळून दहा मिनिटे होतात. उरलेल्या वेळात पिस्तूल गाडीत असेल किंवा घरी, आणि बहुतेक वेळ घरीच. त्यामुळे हा निर्णय पार्किंगविषयीचा दिसत असला, तरी प्रत्यक्षात तो तुमच्या घराविषयीचा आहे, आणि त्या घरात गेल्याच वर्षी खचून गेलेला पंधरा वर्षांचा मुलगा राहतो.

२०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली आणि त्यांपैकी २६,३२८ जणांनी स्वतःचा जीव घेतला होता. अनोळखी हल्लेखोराच्या भीतीने घरात आलेले शस्त्र शेवटी घरातल्याच माणसावर चालते, ही गोष्ट त्या देशात अपवादाने घडणारी नाही. तुमच्याच ह्यूस्टनमध्ये झालेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. जीव देण्याच्या जवळजवळ प्राणघातक प्रयत्नातून वाचलेल्या १३ ते ३४ वर्षे वयाच्या १५३ जणांशी संशोधक बोलले होते. त्यांतील २४ टक्के जणांनी सांगितले की, ठरवणे आणि करणे यांत पाच मिनिटांपेक्षाही कमी वेळ गेला होता. असे क्षण येतात तसे ओसरतातही, आणि त्यातून वाचलेली बहुतेक माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत. पण त्या क्षणी हाताशी पिस्तूल असेल, तर दहापैकी सुमारे नऊ वेळा माणूस वाचत नाही. म्हणून अशा घरात पाच मिनिटांत हाती येईल असे शस्त्र नसणे, हाच मुलासाठीचा सर्वांत खात्रीचा बंदोबस्त आहे. तुमचा मुलगा बरा आहे, हे मी खरे मानते. तरी खचण्याचा एक काळ येऊन गेलेल्या किशोरवयीन मुलाला तो पुन्हा येऊ शकतो, आणि दुसऱ्या वेळी मुले पहिल्यापेक्षा जास्त लपवतात.

साड्यांखाली ते त्याला सापडणार नाही, असे तुम्हाला वाटत असेल. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात बंदूक असलेल्या घरांतील पालकांना आणि मुलांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारले होते. बंदूक कुठे ठेवली आहे हे मुलाला माहीत नाही, असे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी ती जागा सांगितली. आईच्या कपाटात काय कुठे असते, हे मुलांना आईपेक्षा चांगले ठाऊक असते. दिवाळीच्या भेटवस्तू लपवणाऱ्या कुठल्याही आईला विचारा. टेक्ससचा कायदाही याबाबत गप्प नाही. १७ वर्षांखालील मुलाच्या हाती लागेल अशा रीतीने, निष्काळजीपणे भरलेले शस्त्र ठेवले आणि ते त्याच्या हाती लागले, तर शस्त्र ठेवणारा गुन्हेगार ठरतो, आणि त्यातून मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर गुन्ह्याची श्रेणी वाढते.

पर्सविषयीही असेच आहे. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातील हेडन येथे एक तरुण आई खरेदीला गेली असताना तिच्या दोन वर्षांच्या मुलाने तिच्या पर्समधले पिस्तूल हाताळले, गोळी सुटली आणि ती जागीच गेली. तिच्याकडे परवाना होता, शस्त्रांची चांगली ओळख होती, आणि पर्ससुद्धा पिस्तुलासाठी वेगळा, चेनचा कप्पा असलेली होती. पिस्तूल बाळगायचेच असेल तर ते अंगावर, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये असावे, असे अनुभवी प्रशिक्षक सांगतात ते याचसाठी. खांद्यावरून उतरवून खुर्चीला अडकवलेली पर्स त्या क्षणापासून तुमच्या ताब्यात नसते.

मग त्या वाटेचे काय? उत्तर कंटाळवाणे आहे, पण लागू पडणारे आहे. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या दुकानांतील हिंसा टाळण्यासाठी अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने १९९८ मध्येच शिफारशी प्रसिद्ध केल्या आहेत. बाहेर पुरेसा उजेड आणि रात्रीच्या पाळीत माणूस एकटा न राहणे या त्यांतल्या अगदी प्राथमिक गोष्टी. झालेला प्रसंग तारीख-वेळेसह व्यवस्थापकाला लेखी कळवा, कारण तोंडी सांगितलेले विसरता येते आणि लेखी कळवलेल्याला उत्तर द्यावे लागते. बंद करताना दोघांनी एकत्र बाहेर पडावे, मागच्या दाराऐवजी पुढचे, उजेडातले दार वापरता यावे, मागे दिवा व कॅमेरा लागावा, या मागण्या त्यात स्पष्ट लिहा. संध्याकाळच्या सुट्टीत गाडी दारासमोर आणून लावा. बाहेर पडण्यापूर्वी काचेतून एकदा पाहा, चावी हातात ठेवा, फोन खिशात ठेवा, गाडीत बसताच दारे लावून लगेच निघा; कुणी काच ठोठावली तर काहीही न बोलता गाडी हलवा आणि ९११ ला फोन करा. स्वसंरक्षणासाठी मिरपुडीच्या फवाऱ्याची छोटी डबी बाळगणे टेक्ससमध्ये कायदेशीर आहे; कंपनीचा त्याबाबतचा नियम विचारून घ्या. तोही पर्सच्या तळाशी ठेवला तर निरुपयोगीच. आणि तीन-चार आठवड्यांत कंपनीने काहीच केले नाही, तर त्या तीन रात्री बदलून मागणे किंवा दुसरी शाखा मागणे यात कमीपणा मुळीच नाही.

झोपेविषयीही लिहिते. दोन महिने झोप न लागणे ही वेगळी तक्रार आहे, आणि पिस्तुलाने ती बरी होईल असे मला वाटत नाही. उलट उशाजवळ भरलेले शस्त्र असलेला, झोप न झालेला माणूस मध्यरात्री पाणी प्यायला उठलेल्या घरच्याच माणसाला चोर समजण्याचा धोका मोठा असतो. यासाठी तुमच्या डॉक्टरांकडे जा. मुलासाठी समुपदेशकाची वाट तुम्हाला सापडली होती, तशी ती स्वतःसाठीही धरा.

उद्या परिस्थिती बदलली, मुलगा शिकायला बाहेर गेला, दिरांनी वेगळे घर केले आणि तरीही तुम्हाला शस्त्र हवेसे वाटले, तर तेव्हा ते रीतसर करा. परवाना ऐच्छिक असला तरी घ्या. त्यासाठी चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा आणि १५ यार्डांपर्यंतच्या अंतरावरून ५० गोळ्यांची चाचणी असते; माझ्या मते हे प्रशिक्षण अपुरे आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरे. त्यानंतर नियमित सराव आणि भिंतीला किंवा जमिनीला पक्की बसवलेली, फक्त तुम्हालाच उघडता येईल अशी सेफ हवी. गाडी चालवताना पोलिसांनी थांबवले तर काय करायचे, हेही शिकून घ्या. मिनेसोटात जुलै २०१६ मध्ये फिलँडो कॅस्टिल या परवानाधारक कृष्णवर्णीय तरुणाने आपल्याजवळ शस्त्र असल्याचे पोलिसाला शांतपणे सांगितले, आणि काही सेकंदांत त्या पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. अशा वेळी दोन्ही हात सुकाणूवर दिसतील असे ठेवावे, शस्त्राचा उल्लेख करतानाही हात हलवू नये आणि सांगितल्याशिवाय कशालाही हात लावू नये, हे वर्गात शिकवतात. आपल्या रंगाच्या माणसाने ते जरा अधिक लक्ष देऊन ऐकावे.

राहिला नवऱ्याचा प्रश्न. त्यांना न सांगता घरात शस्त्र आणणे मला कोणत्याही कारणाने पटत नाही, कारण त्याचा धोका त्यांच्याही मुलाला आणि त्यांच्याही भावाला आहे. पण पिस्तुलाचे सांगण्याआधी पार्किंगचे सांगा. त्या रात्री काय घडले, त्यानंतर तुम्ही किती रात्री जाग्या राहिलात, हे त्यांना ठाऊक नसेल तर ते मदत तरी कशी करणार? कंपनी हालचाल करेपर्यंत त्या तीन रात्री ते किंवा दीर तुम्हाला घ्यायला येऊ शकतील का, हे विचारा. दोघांनी मिळून मुलाच्या समुपदेशकाशी एकदा बोला, आणि ९८८ हा संकटकाळी चोवीस तास चालणारा फोन क्रमांक मुलाच्या फोनमध्ये त्याच्यासमोरच घालून ठेवा.

सहकाऱ्याला उद्याच नकार कळवा. दोन खासगी व्यक्तींमधल्या अशा विक्रीत टेक्ससमध्ये पार्श्वभूमी तपासणी होत नाही, त्या पिस्तुलाचा पूर्वेतिहास तुम्हाला कळणार नाही, आणि ते नीट चालते की नाही हेही त्याच्याच शब्दावर मानावे लागेल. कारण विचारले तर घरात अल्पवयीन मुलगा आहे एवढेच सांगा. त्यापुढचे त्याला सांगण्याची गरज नाही.

तुमची,
सदरलेखिका